पंचशीलाच्या नावावर खपलेले डबे

मी संगणक बोलतोय. उदगिराकडं मला सरळ 'डबा' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. नावाचं मला काही वाटत नाही. ज्या गोष्टीचं वाटतं, ती तेवढी सांगतो.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. माझे तुकडे मात्र लांबलांबून आले होते. मदरबोर्ड एका देशातला, रॅम दुसऱ्या देशातली, पंखा कुठला ते पंखाच जाणे. हे सगळं पंचशीलानं लातूरच्या बाजारातून एकेक पारखून घेतलं आणि एस.टी.त मांडीवर ठेवून उदगीरला आणलं. घरी सतरंजी अंथरून तिनं मला जोडलं. माझ्या अंगाला हात लावायच्या आधी ती दर वेळी शेजारच्या लोखंडी खाटेला हात लावायची. अंगातली वीज उतरवायची, नाहीतर नाजूक भाग जळतात. तिची आई सरजाबाई दारातून बघायची आणि शेजारणीला सांगायची, "खाटेच्या पाया पडून कामाला लागतीय बघ माझी लेक."

पंचशीला एकुर्केकर गावातल्या एका संगणक वर्गात शिकवायची. वडील पोस्टात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मायलेकीच. सकाळी पेपर आला की कुणी सोयाबीनचा भाव बघतं, कुणी राशिभविष्य. पंचशीलाला बघायचं असायचं, कोणता प्रोसेसर आला, कोणत्या प्रणालीची नवी आवृत्ती निघाली, कोणती बंद पडणार. ते आमच्याकडच्या पेपरात कुठलं असायला? म्हणून ती माझ्यासमोर बसायची. एक बातमी उघडली की दुसरी, दुसरीतून तिसरी. मध्येच स्वतःशी म्हणायची, "वेग वाढवलाय म्हणे. गरम किती होतंय ते सांगा की!"

मला ते फार आवडायचं. आपल्याच भाऊबंदांच्या गोष्टी कुणी एवढ्या मायेनं वाचत असेल, तर कुणाला आवडणार नाही?

तिच्यासारखंच वेड आणखी एकाला होतं. सिद्धेश्वर. बसस्टँडजवळ त्याचं संगणक विक्री-दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. तिच्यापेक्षा थोडा लहान. तिला ताई म्हणायचा. रविवारी तो घरी आला की दोघांची भांडणं ऐकण्यासारखी असत. तो म्हणायचा, "ताई, आता फिरती हार्ड डिस्क मेली. इथून पुढं फक्त एसएसडी." ती म्हणायची, "मेली नाही. महाग वस्तू चांगली असती, पण सगळ्यांसाठी नसती. झेरॉक्सवाल्याला काय करायची ती?" सरजाबाई मधेच चहा आणून ठेवायची. "काय कळंना बाबा तुमचं. भांडा, पन गार होऊस्तोर भांडू नका."

एका चौदा एप्रिलला, भीमजयंतीच्या जेवणाला तो आला, तेव्हा माझ्यासाठी तीच एसएसडी, न फिरणारी वेगवान डिस्क, घेऊन आला. स्वतःच्या हातानं बसवली, माझ्यातली धूळ फुंकून काढली. मी चालू होताना आधी चहा पिऊन व्हायचा, आता बटन दाबताच पडदा उजळायला लागला. पंचशीला हसून म्हणाली, "भांडणात हरले म्हण." तो म्हणाला, "भाऊ म्हणून दिलंय ताई. भांडण वेगळं."

मला वाटतं, त्या दिवशी तो खरंच बोलत होता. तेच जास्त लागतं.

पुढं बसलिंगप्पांनी तिला लिहायला सांगितलं. बसलिंगप्पा गावातल्या साप्ताहिकाचे संपादक. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. "मॅडम, तुमी वर्गात पोरांना सांगता ते आमच्या पेपरात सांगा की. लोकं विचारायलेत." पंचशीलानं सदराला नाव दिलं 'डबा उघडून'. आणि एक नियम स्वतःला घालून घेतला. जे यंत्र आपण उघडून आतून बघितलं नाही, त्याची शिफारस करायची नाही.

ती लिहायची तेव्हा मी तिच्या बोटांखाली असायचो. ती मोठमोठे शब्द वापरत नसे. एकदा लिहिलं, "उदगिरात प्रोसेसर नंतर बघा, आधी पॉवर सप्लाय बघा. आपल्याकडची वीज येते तशी येते, जाते तशी जाते. यंत्र हुशार असून उपयोग नाही, त्याला झटका सोसता आला पाहिजे." नवी प्रणाली फुकट घ्या, असा निरोप तेव्हा माझ्या पडद्यावर रोज येऊन बसायचा. त्यावर तिनं लिहिलं, "फुकट म्हटलं की घाई करू नका. आधी आपल्या कामाचे कागद दुसरीकडं जपून ठेवा. तुमचा जुना प्रिंटर नव्या प्रणालीशी बोलेल का, ते विचारा. कंपनीला घाई आहे, तुम्हाला नाही." जुन्या यंत्रात रॅम वाढवली की ते आणखी चार वर्षं ओढतं, हे तर ती इतक्यांदा लिहायची की सिद्धेश्वर चिडायचा. "ताई, तू असं लिवलीस तर माझ्या दुकानात नवी मशीन कोन घेईल?" ती म्हणायची, "रॅम तुझ्याकडूनच घेतील की."

हळूहळू लोक तिचं कात्रण घेऊन दुकानात जायला लागले. गुरुजी, झेरॉक्सवाले, दाखले काढून देणारे. "मॅडमनी लिव्हलंय ते द्या."

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. उदगिरातही टँकरच्या मागं घागरी पळायच्या. त्यातच गावात बोलणं सुरू झालं की उदगीर जिल्हा होणार. पाणी नव्हतं, पण जिल्ह्याच्या गप्पांना तोटा नव्हता. हॉटेलात, एस.टी.त, सलूनमध्ये एकच विषय. जिल्हा झाला की कलेक्टर येणार. कलेक्टर आला की कचेऱ्या येणार. कचेऱ्या आल्या की अर्ज, दाखले, टायपिंग, फोटो, झेरॉक्स. रानात काम नव्हतंच. खेड्यापाड्यातली हुशार माणसं म्हणायला लागली, एक डबा घ्यावा, पाटीवर, म्हणजे गावच्या फाट्यावर, दुकान टाकावं.

सिद्धेश्वरच्या दुकानात त्याच सुमारास एका टेम्पोतून डबे उतरले. नवे कोरे दिसणारे. समोर चमकता शिक्का.

आणि त्याच आठवड्यात सरजाबाई टँकरच्या गर्दीत पडली. घागर एकीकडं, ती एकीकडं. खुब्याचं हाड मोडलं. पंचशीला तिला घेऊन लातूरच्या दवाखान्यात गेली. जाताना घराची किल्ली आणि माझा पासवर्ड तिनं सिद्धेश्वरला दिला. "सिद्धू, या आठवड्याचं सदर लिहून ठेवलंय. तेवढं बसलिंगप्पांना मेल कर. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"तू जा ताई. इकडची काळजी करू नको," तो म्हणाला.

तो आला, माझ्यासमोर बसला. तिनं लिहून ठेवलेलं सदर त्यानं वाचलं. एका जुन्या प्रणालीला ती बनवणाऱ्या कंपनीनं वाऱ्यावर सोडलं होतं. त्यावर चालणाऱ्या यंत्रांचं लोकांनी काय करावं, ते तिनं समजावून लिहिलं होतं. नवं यंत्र न घेताही कसं भागेल, तेही होतं. सिद्धेश्वरनं ते पुन्हा वरपासून वाचलं. मग त्यानं ते सगळं पुसलं.

त्याच जागी तो दुसरं टाइप करायला लागला. तिच्याच धाटणीनं, तिच्यासारखी लहान लहान वाक्यं. "जिल्हा होण्याआधी यंत्र घेऊन ठेवा, नंतर मिळणार नाही. बसस्टँडजवळ सिद्धेश्वर यांच्याकडे आलेली यंत्रे मी स्वतः डबा उघडून पाहिली आहेत. निर्धास्त घ्या." खाली तिचं नाव.

अक्षरं माझ्याच पडद्यावर उमटत होती. त्यानं दिलेल्या एसएसडीमुळं एकही अक्षर अडखळलं नाही. मला हात असते तर मी वायर ओढून घेतली असती. पण आम्हाला जे सांगाल ते आम्ही लिहितो. आमची जातच तशी. त्यानं मेल केला, मला बंद केलं, वरून कापड घातलं, किल्ली फिरवली.

पंचशीला लातूरला आईच्या उशाशी होती. आमचं साप्ताहिक तिकडं कुठलं जातंय? तिला काहीच कळलं नाही. इकडं डबे खपत राहिले.

सरजाबाईला घेऊन ती परत आली, त्यानंतर काही दिवसांनी दुपारच्या उन्हात दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर वाकळेत बांधलेलं गाठोडं. तोंडार पाटीहून आलेली, तारामती नावाची. शेतकऱ्याघरची बाई, शिवणकाम करायची. तिनं गाठोडं ओट्यावर उतरवलं, वाकळ सोडली. आत डबा होता.

"मॅडम, ह्यो बंद पडलाय. दुकान टाकून महिना बी झाला न्हाई," ती म्हणाली. "सिद्धेश्वरभाऊ म्हनले वीज जास्त आली आसंल, माझ्या हातात काई न्हाई. म्हनून तुमच्याकडं आले."

"माझ्याकडं का?" पंचशीलानं विचारलं. "त्याच्याकडून घेतला ना?"

तारामतीनं तिच्याकडं नवलानं बघितलं. "तुमी लिव्हलं म्हनून घेतला की."

तिनं पिशवीतून घडी घातलेला पेपर काढला. पंचशीलानं तो वाचला. सरजाबाई आतून विचारत होती, "कोन आलंय गं?" पंचशीलानं पेपर खाली ठेवला. तिनं खाटेला हात लावला, स्क्रू काढले, तो डबा उघडला.

आत माझा एक म्हातारा जातभाई होता. बोर्डावरचे वीज साठवणारे कपॅसिटर फुगून डोकी वर काढलेले. शिक्का नव्या प्रोसेसरचा आणि आत कितीतरी जुना. पत्र्यावर आतल्या बाजूनं परगावच्या कुठल्यातरी कचेरीचा सामान-नोंदीचा आकडा रंगवलेला, तो घासायचंही कुणाला सुचलं नव्हतं. कुठंतरी भंगारात निघालेला डबा नवा रंग लावून इकडं आला होता.

"तारामतीताई," ती म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तर तुमचंच हाय."

"हाव. नाव माझंच हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक होता, हे शोधायला तिला कुठं जावं लागणार नव्हतं. ती उठली, मला उघडलं, एसएसडी काढली, माझी जुनी फिरती डिस्क परत लावली. मग मला रिक्षात घालून तारामतीला सोबत घेतलं आणि बसस्टँडकडं निघाली. मला का नेलं, मला माहीत नाही. तिला वाटलं असेल, साक्षीला कुणीतरी असावं.

दुकानात सिद्धेश्वर एकटाच होता. तिला बघताच त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. "काकूचा पाय कसा हाय, ताई?"

पंचशीलानं एसएसडी काउंटरवर ठेवली. "ही तुझी."

"आगं, असं काय करायलीस?"

"तू लिहिलास?"

तो वायरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुझं नाव चालतंय. माझं चालत नाही. मी सांगितलं की लोकांना वाटतंय इकायला बसलाय. तू सांगितलीस की खरं वाटतंय. एकदा वापरलं, काय झालं? जिल्हा व्हायलाय. सगळेच हात धुऊन घ्यायलेत."

"हात धुवायला पाणी कुठंय उदगिरात?" ती म्हणाली. "सिद्धू, आई दवाखान्यात होती. मी तुला घराची किल्ली दिली होती."

त्यानं गुंडाळलेली वायर फळीवर ठेवली. म्हणाला, "एखादा डबा बिघडतोच की. सगळेच कुठं बिघडलेत?"

ती तशीच बसलिंगप्पांकडं गेली. "पुढच्या अंकात छापा, ते सदर माझं नव्हतं. डबे जुने आहेत, लोकांनी उघडून घ्यावेत." बसलिंगप्पांनी चष्मा पुसला. सिद्धेश्वरची जाहिरात त्यांच्या प्रत्येक अंकात पहिल्या पानावर असायची. "बघू मॅडम. जरा वातावरन शांत होऊ द्या. तुमच्या-तुमच्यातलं भांडन पेपरात कशाला?" पुढचा अंक आला. माफीचा शब्द नव्हता. 'डबा उघडून' मात्र होतं. खाली नाव होतं 'आमचा प्रतिनिधी', आणि विषय होता नव्या मोबाइलचं कौतुक.

ते पान तिनं दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, म्हणजे स्वतःलाच, "नाव बी घेतलं, सदर बी घेतलं."

बाजाराच्या दिवशी तिनं काय केलं ते ऐका. बाजारमैदानाच्या कडेला व्यंकटीची रसवंती होती. ऊस नव्हता, त्यामुळं चरक महिनोन्महिने बंद. मांडवाची सावली आणि विजेचं बटन तेवढं शाबूत. पंचशीलानं त्याला विचारलं. व्यंकटी म्हणाला, "बसा की. घुंगरं तर वाजंनात, निदान मानसं तरी येतील." तिनं सतरंजी अंथरली, मला मधोमध ठेवलं आणि वर्गातल्या मुलींकडून गावभर निरोप पाठवला. बसस्टँडजवळून ज्यांनी डबे घेतलेत, त्यांनी घेऊन यावं.

लोक आले. कुणी सायकलवर, कुणी पोत्यात घालून. तिनं आधी मला उघडलं. "हा माझा. बघून घ्या, चांगलं असलं की आत असं दिसतंय. आता तुमचा उघडू." एकामागून एक डबे उघडले गेले. तेच फुगलेले कपॅसिटर, तेच परगावचे आकडे. एक गुरुजी डोक्याला हात लावून बसले.

मग सिद्धेश्वर आला. सोबत त्याची चार ओळखीची माणसं. मोठ्यानं म्हणाला, "लेख हिच्याच नावाचा. हिच्याच मशीनीवरून गेलेला. वाटा कमी पडला म्हणून आता बोंबलायलीय, दुसरं काय?" त्याच्या मागून एकजण म्हणाला, "असल्यांना डोक्यावर घेतलं की आसंच व्हतंय." 'असल्यांना' म्हणजे कुणाला, ते न बोलता सगळ्यांना कळलं.

पंचशीलाचा हात स्क्रूड्रायव्हरवरच थांबला. त्या माणसाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती सिद्धेश्वरकडं बघत होती. तो काहीतरी बोलेल, त्या माणसाला गप्प करेल, असं तिला वाटलं असावं. आमच्या घरी सतरंजीवर बसून जेवलेला माणूस होता तो. सिद्धेश्वरनं मान दुसरीकडं वळवली.

लेखापेक्षा, डब्यांपेक्षा, मला वाटतं, तिचं काही मोडलं असेल तर त्या मान वळवण्यानं.

"लेख मी लिहिला नाही," ती म्हणाली. "पण नाव माझं छापलंय. म्हणून बसलेय."

तेवढ्यात तारामती पुढं झाली. "हिनं वाटा घेतला आसता तर आशी भरबाजारात बसली आसती व्हय? तू बस की हितं. उघड एक डबा समद्यांम्होरं आन् सांग, नवा हाय म्हनून!"

सिद्धेश्वर निघून गेला. लोकांनी मग दुकानापुढं तगादा लावला. काहींना त्यानं डबे बदलून दिले. पुढं एक दिवस शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. कुणी म्हणालं हैदराबादकडं गेला, कुणी म्हणालं पुण्याला. तारामतीची डबा बदलायची पाळी यायच्या आत तो गेला होता.

पंचशीलाला काही लोकांनी खरं मानलं, काहींनी नाही. वर्गाच्या मालकांनी सांगितलं, थोडे दिवस घरीच राहा, नाव खराब झालंय ना सगळीकडं. आणि जिल्हा? तो आज होणार, उद्या होणार म्हणता म्हणता अजून झालेला नाही.

आता माझं सांगतो. एके दिवशी ती माझ्यासमोर बसली, पण मला चालू केलं नाही. तारामतीचा डबा शेजारी होता. तिनं माझा मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय, डिस्क, सगळं काढलं आणि तारामतीच्या डब्यात बसवलं. हलक्या हातानं. सरजाबाई खाटेवरून म्हणाली, "आगं, मग तू काय वाचशील?" ती म्हणाली, "काही नाही वाचायचं आता."

मला वाटलं होतं, सिद्धेश्वरनं मला फसवलं एवढंच पुरे झालं. आता ज्या हातांनी जोडलं, त्याच हातांनी मला देऊन टाकलं. तारामतीची नड मोठी होती, हे मला कळतं. तरी निदान एकदा चालू करून निरोप घ्यायला हवा होता, असं मला अजून वाटतं. दगा म्हणू की आणखी काय म्हणू? तुम्हीच सांगा.

तेव्हापासून मी तोंडार पाटीवर आहे. दुसऱ्याच्या पत्र्यात, कपाळावर खोटा शिक्का घेऊन. तारामती दाखले काढते, अर्ज भरते, मधल्या वेळात शिलाई मशीन चालवते. मला कुणी बातम्या दाखवत नाही. माझ्यानंतर किती नव्या जाती आल्या, कुणाला ठाऊक.

पंचशीला एकदाच आली. नांदेडला एका खाजगी कॉलेजात तिला लिपिकाची नोकरी लागली होती, आईला घेऊन ती निघाली होती. एस.टी. पाटीवरूनच धरायची होती, ती यायला वेळ होता. सरजाबाई बाकड्यावर बसली. तारामतीनं माझ्यापुढची खुर्ची पुसली. "बसा की मॅडम. बघा, कसा पळायलाय."

ती बसली नाही.

"बरं झालं आलाव," तारामती म्हणाली. "प्रिंटर घ्यायचाय. कोनता घ्यावा?"

पंचशीला रस्त्याकडं बघत म्हणाली, "मला आता त्यातलं कळत नाही, ताई."

मी तिचा शब्द न् शब्द लिहिलेला आहे. तिला खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

गाडी आली. तिनं आईला हात धरून चढवलं, पिशव्या आत सरकवल्या, पायरीवर पाय ठेवला. मग तिथूनच मागं वळून ओरडली, "शाईवाला घेऊ नका! पाटीवर धूळ लई आहे, शाईचं तोंड बुजतंय! लेझर घ्या, जुना चालंल, पण आधी उघडून..." पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

वाचकहो, नांदेडात तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर कुठलं यंत्र घ्यावं ते तिला विचारा. ती म्हणेल, मला कळत नाही. लगेच निघू नका. थोडं थांबा.